कडाक्याच्या थंडीचे जाकीट घेताना

अजमानमध्ये बसून थंडीच्या जाकिटावर लेख लिहायचा म्हणजे वाचकांना गंमतच वाटेल. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री पारा जेमतेम १३-१४ अंशांपर्यंत उतरतो आणि तेवढ्यावर आपण कॉर्निशवर शाली लपेटून फिरतो! तरीही हा विषय आपल्या घरांतून वारंवार निघतो. कुणाची मुलगी कॅनडाला शिकायला निघालेली असते, कुणी आईवडिलांना घेऊन लेकाकडे टोरंटोला जाणार असतो, कुणी सुट्टीत जॉर्जिया किंवा गुलमर्गचा बर्फ पाहायला निघतो. मग मॉलमध्ये जाऊन एक गुबगुबीत जाकीट घेतले जाते आणि खरेदी झाली असे समजून सगळे सुटकेचा श्वास सोडतात. आम्हीही तसेच केले होते.

२०२३ च्या जानेवारीत आमची धाकटी लेक विनिपेगला शिकायला गेली. तिच्यासाठी मी इथल्याच एका दुकानातून ४५० दिरहॅमचे जाकीट घेतले. बाहीवर मोठ्या अक्षरांत ‘८००’ असा आकडा होता. विक्रेता म्हणाला, “सर, यापेक्षा गरम काही नाही.” जाकीट इतके हलके, की घडी केल्यावर पाण्याच्या बाटलीएवढ्या पिशवीत मावायचे. मी खूश होतो. पोहोचल्यानंतर आठवड्याभरातच तिचा फोन आला. बसची वाट पाहत वीस मिनिटे उभी होती. “बाबा, जाकीट छान आहे हो, पण पाठीवर शिवणीशिवणीतून गार लागतं. आणि बोटं पांढरी पडली होती, काही कळतच नव्हतं.” सुदैवाने खोलीवर गेल्यावर बोटे पूर्ववत झाली. पण त्या रात्री आम्हा दोघांचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी आकडे वाचायला बसलो. हे काम खरेदीच्या आधी करायला हवे होते.

त्या आकड्याचा अर्थ सांगण्याआधी पिंजाऱ्याची आठवण करून देतो. लहानपणी आपल्याकडे दर एक-दोन वर्षांनी गादी पिंजून घ्यायची पद्धत होती. दबून सपाट झालेला कापूस पिंजारी धनुष्यासारख्या कमठ्याने पिंजायचा आणि तोच कापूस, तेवढ्याच वजनाचा, दुप्पट जागा व्यापायचा. गादी पुन्हा मऊ आणि उबदार व्हायची. कापूस वाढला नव्हता, त्यात अडकलेली हवा वाढली होती. ऊब देते ती हीच स्थिर हवा. हवेतून उष्णता फार हळू वाहते, फक्त ती हवा हलता कामा नये. जाकीट स्वतः काही उष्णता निर्माण करत नाही. आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम.

बदकाच्या आणि हंसाच्या मोठ्या पिसांखाली एक अत्यंत मऊ लव असते. तिला मधला कडक दांडा नसतो. एका केंद्रातून सगळीकडे पसरलेले बारीक तंतू असतात, सावरीच्या म्हातारीसारखे. या लवेला इंग्रजीत ‘डाउन’ म्हणतात आणि ती भरलेले ते डाउन जाकीट. एवढ्या कमी वजनात एवढी हवा धरून ठेवणारी दुसरी वस्तू मिळणे कठीण. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात आयडर बदकाची लव भरून स्वतःसाठी कोट शिवून घेतला होता. बाकीची मंडळी लोकरी कपडे आणि ट्वीडच्या कोटांत होती. त्यांनी आधी त्याची थट्टा केली आणि थंडी वाढल्यावर हेवा! आज एव्हरेस्टच्या अखेरच्या चढाईला जाणारे गिर्यारोहक डोक्यापासून घोट्यापर्यंत लवेचाच सूट घालतात.

आता तो ८००. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव मोकळी ठेवली तर ती किती घन इंच जागा व्यापते, त्याचा हा आकडा. त्याला ‘फिल पॉवर’ म्हणतात. ५५० ते ६०० म्हणजे साधी लव, ६५० ते ७०० चांगली, ८०० च्या पुढे उत्तम. म्हणजे हा आकडा लवेची प्रत सांगतो. जाकिटात ती किती भरली आहे, हे तो सांगत नाही! बासमती उत्तम आहे म्हणून एका मुठीत चौघांचे जेवण होत नाही, तसेच हे. किती भरली आहे त्याचा आकडा वेगळा असतो, ‘फिल वेट’. तो ग्रॅममध्ये किंवा औंसात असतो आणि पुष्कळदा आतल्या बारीक लेबलावरही नसतो, कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो.

दोन्ही आकडे हाती आले की हिशेब अगदी सोपा आहे. गुणाकार करायचा. मी घेतलेल्या जाकिटात ८०० ची लव होती, पण अवघी ९० ग्रॅम. ८०० गुणिले ९० म्हणजे ७२,०००. नंतर लेकीने तिथे घेतलेल्या पार्क्यात ६५० ची लव २८० ग्रॅम भरलेली होती. ६५० गुणिले २८० म्हणजे १,८२,०००. ‘कमी प्रतीच्या’ जाकिटात स्थिर हवा अडीच पटींहून जास्त! अर्थात लांब पार्क्यात ती लव मांडीपर्यंत पसरलेली असते, त्यामुळे कमरेपर्यंतच्या जाकिटाची तुलना तशाच जाकिटाशी करावी हे उत्तम. पण माझी चूक या गुणाकाराने चटकन उघडी पडली असती. ते हलके जाकीट वाईट नव्हते. ते चालताना किंवा दुसऱ्या कपड्याच्या आत घालण्यासाठी बनवलेले होते, बसथांब्यावर उभे राहण्यासाठी नव्हे.

लेकीला शिवणींतून गार लागत होते, त्याचेही कारण आहे. लव एका जागी गोळा होऊ नये म्हणून जाकिटात कप्पे करतात. हलक्या जाकिटात बाहेरचे कापड आणि अस्तर थेट एकमेकांना शिवून टाकतात. त्यामुळे प्रत्येक शिवणीवर जाडी जवळजवळ शून्य होते आणि नेमकी तिथूनच ऊब निसटते. कडाक्याच्या थंडीच्या जाकिटात दोन कापडांमध्ये पट्ट्या लावून पेटीसारखे कप्पे करतात, किंवा बाहेरून शिवण नसलेले दुसरे कापड घालतात. दुकानात हे ओळखायला शिक्षण लागत नाही. शिवणीवर दोन बोटांनी चिमटा घेऊन पाहा. कापडाला कापड लागले, की ते उणे २५ चे जाकीट नव्हे. तसेच जाकीट दिव्यासमोर धरून पाहा. खांद्यावर किंवा कोपराशी रिकामी जागा दिसली तर ते परत टांगून ठेवा. मुठीत दाबून सोडा, चांगली लव पटकन वर येते. हाताला काड्या टोचत असतील तर लवेऐवजी पिसेच जास्त आहेत असे समजावे. लेबलावर ९०/१० असे लिहिलेले असेल तर ९० टक्के लव आणि १० टक्के पिसे. ८०/२० सुद्धा चालते. ‘डाउन फील’ किंवा ‘डाउन अल्टरनेटिव्ह’ असे शब्द मात्र पॉलिस्टरसाठी वापरतात, तिथे फसू नये.

पॉलिस्टर वाईटच असते असे नाही, आणि हे मला आमच्या कामाच्या ठिकाणी कळले. मी एका कोल्ड स्टोअरेजच्या हिशेबखात्यात आहे. आमच्याकडे गोठवलेला माल उणे १८ अंशांत ठेवतात, म्हणजे अजमानमध्येही विनिपेगचा एक तुकडा आहे म्हणा ना. तिथे आत जाणाऱ्या कामगारांची जाकिटे लवेची नसतात. आमचे स्टोअरकीपर कोल्हापूरकडचे. त्यांना विचारले तर हसले. “साहेब, बाहेर चाळीस, आत उणे अठरा. दिवसातून वीस वेळा आत-बाहेर. घामानं पिसाचा चोथा होईल.” त्यांनी लाखमोलाची गोष्ट सांगितली. लव ओली झाली की तंतू एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते आणि जाकीट निरुपयोगी होते. पॉलिस्टर ओले झाले तरी बरीच ऊब टिकवते, वरचेवर धुता येते आणि स्वस्तही असते. कामगारांच्या या जाकिटांवर बहुधा ‘ईएन ३४२’ असा छाप असतो. थंडीपासून संरक्षण देणाऱ्या कामाच्या कपड्यांचे ते युरोपीय मानक आहे. मॉलमधल्या जाकिटावर लिहिलेले ‘उणे ३०’ मात्र कंपनीने आपल्या अंदाजाने लिहिलेले असते. त्यासाठी सगळ्यांना लागू असे एक मानक नाही. शिवाय तो आकडा भरभर चालणाऱ्यासाठी की नुसत्या उभ्या असलेल्यासाठी, हेही विचारून घ्यावे. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

म्हणून ‘कॅनडासाठी जाकीट हवे’ एवढे सांगून भागत नाही. कॅनडात कुठे? व्हँकुव्हरचा हिवाळा शून्याच्या आसपासचा आणि पावसाचा. तिथे लवेच्या जाकिटापेक्षा पाणी न शिरणारे वरचे कवच आणि आत पॉलिस्टर किंवा फ्लीस बरे. टोरंटोत पारा शून्याच्या खाली-वर करतो, ओला बर्फ पडतो. तिथे लव चालेल, पण बाहेरचे कापड पाणी अडवणारे हवे. विनिपेगमध्ये जानेवारीच्या रात्री सरासरी उणे २० च्या आसपास असतात आणि हवा कोरडी. लवेचे खरे राज्य अशा ठिकाणी. त्यावर वारा. कॅनडाच्या हवामान खात्याच्या सूत्राप्रमाणे उणे २० तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असला, तर उघड्या कातडीला उणे ३३ सारखी थंडी लागते आणि १० ते ३० मिनिटांत ती गोठू शकते. त्यामुळे जाकिटाचे बाहेरचे कापड वारा अडवणारे आहे ना, चेनवर झाकण्याची पट्टी आहे ना, मनगटाला आत घट्ट विणकामाची कड आहे ना आणि टोपी जाकिटालाच जोडलेली व खोल आहे ना, हे लवेइतकेच महत्त्वाचे आहे. टोपीच्या कडेची फर मला नुसती फॅशन वाटायची. पण ती चेहऱ्यासमोरचा वारा तोडते आणि तिथली हवा थोडी स्थिर ठेवते.

मापाविषयी आपली मंडळी हमखास चुकतात. इथे टीशर्टवर घालून पाहतात, अगदी अंगाबरोबर बसते, छान दिसते आणि घेऊन टाकतात. तिथे आत थर्मल आणि स्वेटर घातला की तेच जाकीट ताणले जाते, लव दबते आणि ऊब कमी होते. म्हणून दुकानात जाड स्वेटर घालूनच माप घ्यावे. अजमानमध्ये ऑगस्टमध्ये स्वेटर घेऊन मॉलमध्ये जाताना लोक बघतील, बघू द्यावेत. दोन्ही हात वर करून पाहावेत, कमर उघडी पडता कामा नये. फार ढगळही नको, कारण प्रत्येक हालचालीबरोबर आतली गरम हवा बाहेर फेकली जाते.

आत काय घालावे हे थोडक्यात. अंगालगत सुती बनियन नको. सूत घाम शोषून ओलेच राहते. पातळ लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, त्यावर जाकीट. आजीच्या दोन गोधड्यांचे तत्त्व. बसमध्ये, वर्गात, दुकानात शिरताच चेन उघडावी, जाकीट उतरवावे. घामाने भिजून पुन्हा बाहेर पडणे वाईट. हातमोजे बोटांचे वेगवेगळे नकोत. चारी बोटे एकत्र राहतील असे मिटन घ्यावेत, बोटे एकमेकांना ऊब देतात. आमच्या लेकीने जाकिटापेक्षा बोटांमुळे जास्त त्रास काढला, आणि ते मिटन फार महाग नव्हते.

बोटे, कान, नाकाचा शेंडा पांढरा किंवा मेणासारखा दिसू लागला, बधिर झाला, तर लगेच आत जावे. चोळू नये. बर्फाने चोळण्याचा सल्ला जुन्या लोकांकडून ऐकू येतो, तो साफ चुकीचा आहे. हात काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात, सुमारे ३७ ते ३९ अंशांच्या, बुडवावेत. पाणी दुसऱ्याने हात घालून पाहावे, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही. हीटरवर धरू नये. रंग आणि संवेदना परत आली नाही किंवा फोड आले तर डॉक्टर गाठावा. थरथर, बोलताना अडखळणे, चालताना तोल जाणे ही अंगाचे तापमान ३५ अंशांखाली जात असल्याची खूण असू शकते. तिथे वेळ घालवू नये. मद्याने गरम वाटते ते फसवे असते. कातडीकडे रक्त धावते आणि उलट आतली उष्णता बाहेर जाते.

आईवडिलांना हिवाळ्यात घेऊन जाणाऱ्यांसाठी खास सांगतो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला पाऊल गारठल्याचे कळतच नाही. त्यांचे मोजे-बूट घरी आल्यावर आपण स्वतः तपासावेत. त्यांच्यासाठी मांडीपर्यंत लांब, पण वजनाला हलके जाकीट घ्यावे, आणि खालूनही उघडणारी चेन हवी, म्हणजे गाडीत बसता येते. इथे उत्तम प्रतीच्या लवेवर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे, कारण तेवढीच ऊब कमी वजनात मिळते. खांद्यावर ओझे असले की म्हातारी माणसे जाकीट घालायचेच टाळतात.

आता पैशाची बाजू. पाच दिवसांच्या बर्फाच्या सहलीसाठी भारी जाकीट विकत घेणे मला पटत नाही. बर्फाच्या ठिकाणी जाकिटे-बूट भाड्याने मिळतात. तेवढे भाडे द्यावे, किंवा मंडळातल्या कुणाकडून मागून न्यावे. हिवाळ्यात रोज बाहेर पडणाऱ्याचे गणित निराळे. लेकीचा पार्का ४२० कॅनडियन डॉलरचा. तिथे छापील किमतीत कर धरलेला नसतो, हे आपल्याला इथल्या सवयीमुळे लक्षात येत नाही. मॅनिटोबात केंद्राचा ५ आणि प्रांताचा ७ टक्के मिळून ४७० डॉलर झाले, म्हणजे तेव्हाच्या दराने पावणेतेराशे दिरहॅमच्या आसपास. अल्बर्टात फक्त ५ टक्के लागले असते, ओंटारिओत १३. पोटात गोळा आला खरा. पण तिथला हिवाळा नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने. तीन हिवाळे धरले तर साडेचारशे दिवस, दिवसाला तीन दिरहॅमसुद्धा नाहीत. माझे ४५० चे जाकीटही वाया गेले नाही. ऑक्टोबर-एप्रिलमध्ये ती ते एकटेच घालते आणि फार गारठा असला की पार्क्याच्या आत. पण हा पार्क्यानंतरचा शहाणपणा आहे. आधी पार्का घ्यायला हवा होता.

सप्टेंबरात जाणाऱ्या मुलांना माझा सल्ला असा, की इथून फक्त थर्मल, मोजे आणि एक मध्यम जाकीट द्यावे, मोठ्या जाकिटाचे पैसे वेगळे बाजूला काढून द्यावेत. मूल तिथे पोहोचले, आधीच्या विद्यार्थ्यांना विचारले, की ऑक्टोबरात पाहून घेईल. २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेच्या सेलची वाट पाहत अर्धा हिवाळा कुडकुडू नये. आपल्या मुलांना पैसे वाचवायची फार हौस असते, त्यांना फोनवर हे स्पष्ट सांगावे लागते. जानेवारीत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. विमानतळाच्या दारातच उणे २५ भेटते. त्यांच्याजवळ खरे जाकीट, टोपी आणि मिटन हातातल्या बॅगेतच हवेत, सामानात नव्हे. सामान कधी कधी दोन दिवस उशिरा येते.

पक्ष्यांच्या बाबतीत ज्यांच्या मनाला टोचणी असते, आणि आपल्यात अशी शाकाहारी घरे पुष्कळ आहेत, त्यांनी पॉलिस्टरची जाड पार्के पाहावीत. वजनाला जड पडतात, पण विनिपेगमध्येही निभावतात. लव घ्यायचीच असेल तर ‘आरडीएस’ हे चिन्ह पाहावे. २०१४ पासूनच्या या मानकात जिवंत पक्ष्याची पिसे उपटायला बंदी आहे.

शेवटी, सुट्टीत परत आलेले जाकीट अजमानच्या उन्हाळ्यात सांभाळायचे कसे? प्रवासात वापरलेल्या त्या छोट्या पिशवीत ते कोंबून ठेवू नये. महिनोन्महिने दबलेली लव नंतर नीट फुलत नाही. इथल्या दमट हवेत बंद प्लॅस्टिकमध्ये ठेवले तर कुबट वास धरते. धुवायचे असेल तर लवेसाठी मिळणारा सौम्य साबण वापरून मशीनमध्ये हलक्या फेऱ्यावर धुवावे. ब्लीच नको, सॉफ्टनर नको. मग ड्रायरमध्ये कमी उष्णतेवर, दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू बरोबर टाकून. चेंडू आपटून आपटून गोळा झालेली लव सोडवतात, आमच्या मशीनमधला पिंजारीच तो. दोन-तीन तास लागतात. बाहेरून वाळले तरी आत गुठळी हाताला लागली, तर अजून ओले आहे असे समजून पुन्हा फिरवावे. नंतर जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल घालून, एसी चालू असणाऱ्या खोलीच्या कपाटात टांगावे. आमच्याकडे ते सौ.च्या पैठणीशेजारी लटकते आहे. पैठणीला जागा कमी पडते, अशी तक्रार चालू आहे.